टॅग आमच्या काचेवर, जबाबदारी कुणाच्या डोक्यावर?

करंजाडेतून गाडी बाहेर काढली की काही किलोमीटरांतच टोलची गाठ पडते. पुण्याला निघालात तर कळंबोलीहून द्रुतगती महामार्ग आणि पुढे खालापूरचा नाका. जुना रस्ता धरलात तर शेडुंग. दक्षिण मुंबई लवकर गाठायची तर उलव्याच्या बाजूने अटल सेतू. गावी जाणारा कोकणी माणूस पळस्प्यावरून गोवा महामार्गाला लागतो, घाटावरचा माणूस सातारा-कोल्हापूरची वाट धरतो. म्हणून आपल्या वसाहतीत उभ्या असलेल्या बहुतेक प्रत्येक एमएच-४६ गाडीच्या काचेवर ती छोटी पट्टी चिकटलेली दिसते. या पट्टीचा जाच काय असतो हे करंजाडेकरांना नव्याने सांगायला नको. नाक्यावर लाल दिवा लागतो, मागचे भोंगे सुरू होतात, खिडकीतला मुलगा "टॅग ब्लॅकलिस्ट आहे" एवढेच बोलतो आणि दुप्पट पैसे मागतो. या दुप्पट रकमेचा हिशेब आता मांडायला हवा.

१. आधी एक गोष्ट स्पष्ट असू द्या: हे गाऱ्हाणे फास्टॅगविरुद्ध नाही. सुट्या पैशांवरून होणारी हुज्जत, पाच रुपयांऐवजी हातावर ठेवलेले चॉकलेट, सुट्टीच्या दिवशी खालापूरला लागणारी रांग, हे सगळे ज्यांनी भोगले आहे त्यांना जुनी पद्धत परत नको आहे. देशातल्या टोलनाक्यांवरचा सरासरी थांबा आठ मिनिटांवरून ४७ सेकंदांवर आला, असे केंद्र सरकार सांगते. सरासरी ही सरासरीच. शनिवारी सकाळी घाटाकडे निघालेल्या माणसाला ती सांगू नये. पण रोखीच्या काळापेक्षा रांग हलते, हे मान्य केलेच पाहिजे. वेळ वाचला, इंधन वाचले, आणि नाक्यावर जमणारी रोकड मोजताना होणाऱ्या गळतीलाही आळा बसला. म्हणूनच या यंत्रणेचे सर्व फायदे घेणाऱ्यांनी तिच्या चुकांचाही भार उचलावा, असे म्हणण्याचा आपल्याला पुरा हक्क आहे.

२. फास्टॅग आपण हौसेने लावलेला नाही. १ डिसेंबर २०१७ नंतर विकल्या जाणाऱ्या नव्या चारचाकीला तो बंधनकारक झाला. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून राष्ट्रीय महामार्गांवर टॅग नसेल तर दुप्पट शुल्क सुरू झाले. १ एप्रिल २०२५ पासून राज्याने आपल्या नाक्यांवर, म्हणजे सार्वजनिक बांधकाम विभाग आणि राज्य रस्ते विकास महामंडळ (एमएसआरडीसी) यांच्याकडच्या रस्त्यांवरही तीच सक्ती आणली. फास्टॅगच्या सक्तीला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले गेले होते, तेही फेटाळले गेले. १५ नोव्हेंबर २०२५ पासून राष्ट्रीय महामार्गांवर एवढीच सवलत मिळाली की वैध टॅग नसलेल्याने यूपीआयने पैसे भरले तर सव्वापट, रोखीने भरले तर दुप्पटच. ठीक आहे, कायदा आहे, पाळू. पण सक्ती करताना सरकारने नागरिकाशी एक करारच केला आहे, आणि या करारात आपल्या प्रत्येक चुकीची किंमत छापलेली आहे. समोरच्या बाजूच्या चुकांचा रकाना मात्र कोरा आहे. ज्याने सक्ती केली त्याने तो रकाना भरलाच पाहिजे.

३. आता खुद्द त्या पट्टीकडे बघू, कारण अर्धा घोळ तिथेच होतो. फास्टॅगमध्ये बॅटरी नसते. नाक्यावरच्या अँटेनाकडून येणाऱ्या रेडिओ लहरींवरच आतली चिप क्षणभर जागी होते आणि आपला क्रमांक सांगते. म्हणून ती कुठे आणि कशी चिकटवली याला महत्त्व आहे. पुढच्या काचेच्या आतल्या बाजूने, मधोमध, आरशाच्या मागे ती लावायची. काच आधी कोरड्या फडक्याने पुसायची आणि पट्टी एकदाच, नीट दाबून बसवायची. उकलून दुसरीकडे चिकटवायला गेलात तर आतली तार तुटते. ती तशी तुटावी अशीच तिची घडण आहे, म्हणजे एकाचा टॅग दुसऱ्याच्या गाडीवर जाऊ नये. काही गाड्यांच्या काचेत उष्णता अडवणारा धातूचा थर असतो, तिथे तर जागा चुकली की वाचन होतच नाही.

हे सगळे करंजाडेतल्या गाडीवाल्याला कोण सांगतो? नवी गाडी असेल तर शोरूमवाला घाईत पट्टी लावून मोकळा होतो. जुन्या गाडीचा टॅग फाट्यावर छत्रीखाली बसलेल्या एजंटकडून घेतला जातो. तो आपल्याच मोबाईलवरून नोंदणी उरकतो, आरसीचा अर्धवट फोटो काढतो आणि पट्टी हातात देतो: "घरी जाऊन लावा." मग ती डॅशबोर्डवर पडून राहते, किंवा नाका आला की काचेसमोर धरली जाते. आपल्यातल्या काहींची हीच सवय आहे, हे लपवून चालणार नाही. हातात धरलेल्या टॅगमुळे मागची रांग अडते, आणि एका गाडीचा टॅग दुसऱ्या गाडीला दाखवण्याचे प्रकारही यातूनच होतात. जुलै २०२५ मध्ये राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने असे सुटे टॅग थेट काळ्या यादीत टाकण्याचा निर्णय घेतला, तो योग्यच होता. पण पट्टी सुटी हातात देणाऱ्या विक्रेत्याचे काय? आणि पट्टी नीट लागली की नाही, ती वाचली जाते की नाही, हे नाक्यावर जाण्याआधी तपासायची सोय पनवेल परिसरात कुठे आहे? पेट्रोलपंपावर चाकातली हवा तपासता येते, पण टॅग चालतो का हे विचारायला थेट खालापूरच गाठावे लागते. परीक्षा आणि शिक्षा एकाच खिडकीवर उरकणाऱ्या या पद्धतीत टॅग विकणाऱ्यानेच तो लावून, वाचून दाखवला पाहिजे. तोवर विक्री पूर्ण झाली असे मानताच कामा नये.

४. काळी यादी हा तर स्वतंत्र विषय आहे. पैसे संपले, काळी यादी. केवायसी अपुरे, काळी यादी. एका गाडीवर दोन टॅग निघाले, जुना बंद. ३१ जानेवारी २०२४ रोजी रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध घातले आणि १५ मार्चनंतर तिच्या टॅगमध्ये पैसे भरता येईनासे झाले. लाखो लोकांना स्वतःची काहीही चूक नसताना नवा टॅग काढावा लागला. त्यानंतर आली वाहन-पडताळणी, म्हणजे केवायव्ही. गाडीचा पुढून फोटो, टॅग लावलेल्या काचेचा फोटो, आरसी. सुरुवातीला तर कारच्या बाजूचाही फोटो. गाडीला दोनच अ‍ॅक्सल आहेत हे सिद्ध करण्यासाठी कारमालकाने वाहनतळात गुडघ्यावर बसून फोटो काढायचे! ओरड झाल्यावर ऑक्टोबर २०२५ मध्ये ही पद्धत सोपी केली गेली, आणि फेब्रुवारी २०२६ पासून नव्या कारसाठी ही अटच काढून टाकली. म्हणजे अट अनावश्यक होती हे शेवटी मान्य झाले. दरम्यान ज्यांचे टॅग अडकले त्यांनी भरलेल्या दुप्पट पैशांचे काय?

फास्टॅगचे व्यवहार चालवणाऱ्या एनपीसीआयचे २८ जानेवारी २०२५ चे परिपत्रक आठवा. टॅग वाचला जाण्याआधी साठ मिनिटांहून अधिक काळ आणि वाचल्यानंतर दहा मिनिटांपर्यंत तो काळ्या यादीत असेल तर व्यवहार नाकारायचा, असे त्यात होते आणि १७ फेब्रुवारीपासून अंमल होता. नाक्यावर पोचून पैसे भरले तरी उपयोग नाही, अशी घबराट सर्वत्र पसरली. मग महामार्ग प्राधिकरणाचा खुलासा आला की हा नियम बँकांमधल्या आपसातल्या वादांसाठी आहे, राष्ट्रीय महामार्गावर नाका ओलांडण्यापूर्वी केव्हाही पैसे भरता येतील. खुलासा आला हे बरे झाले. पण खात्यातून पैसे कापल्याचा संदेश दोन मिनिटांत पाठवणाऱ्या यंत्रणेला "तुमचा टॅग सात दिवसांनी बंद होणार आहे, कारण हे" असा मराठीत संदेश आधी पाठवता येत नाही, हे कुणाला पटेल? पूर्वसूचनेशिवाय बंद केलेल्या टॅगवर दुप्पट आकारणी करणे हे निव्वळ अन्यायाचे आहे.

५. अँटेनाच बिघडली तर? टॅग ठीक, खात्यात पैसे, काच स्वच्छ, तरीही दांडा उठत नाही. "गाडी जरा मागे घ्या, पुढे घ्या" अशी कवायत होते, मग हातातले यंत्र घेऊन कुणीतरी धावत येतो, तेही चालत नाही, आणि शेवटी "कॅश द्या साहेब". अशा वेळी कायदा काय म्हणतो हे पाठ करून ठेवा. ७ मे २०१८ च्या अधिसूचनेने राष्ट्रीय महामार्ग शुल्क नियमांत दुरुस्ती झाली आहे: टॅग वैध आणि चालू असेल, खात्यात पुरेशी रक्कम असेल आणि नाक्याच्या यंत्रणेतील बिघाडामुळे पैसे कापता आले नाहीत, तर ते वाहन शुल्क न घेता सोडायचे आणि शून्य रकमेची पावती द्यायची. शून्य रकमेची पावती किती जणांनी पाहिली आहे? दुप्पट शुल्काची पाटी अर्ध्या किलोमीटरवरून वाचता येते. या नियमाची पाटी त्याच आकारात, त्याच जागी, मराठीत का नाही? हा नियम राष्ट्रीय महामार्गांचा आहे. ज्या राज्याने १ एप्रिल २०२५ ला सक्ती उचलून आणली, त्याने हाच दिलासाही त्याच आदेशात शब्दशः घालायला हवा होता.

या एकतर्फीपणाचे आणखी एक उदाहरण बोलके आहे. मे २०२१ मध्ये महामार्ग प्राधिकरणाने नियम केला होता: रांग पिवळ्या रेषेपासून शंभर मीटरच्या पुढे गेली तर रांग आत येईपर्यंत गाड्या टोल न घेता सोडायच्या. ऑगस्ट २०२४ मध्ये तो मागे घेतला गेला. प्रवाशाला दिलेले एकमेव मोजता येणारे वचन तीन वर्षांत रद्द झाले, आणि प्रवाशाकडून घ्यायची दुप्पट रक्कम मात्र टिकून आहे.

६. गाडी करंजाडेत सोसायटीच्या आवारात उभी आणि मोबाईलवर दूरच्या नाक्याचा टोल कापल्याचा संदेश. कारचे पैसे टेम्पोच्या दराने. एका फेरीचे दोनदा. अशा तक्रारी आता घरोघरी आहेत. त्याचे एक कारण असे की नाक्यावरचा माणूस गाडीचा क्रमांक हाताने टाकून पैसे कापू शकतो. (२०२२ मध्ये काच पुसणारा मुलगा घड्याळाने टॅगमधले पैसे चोरतो अशी एक चित्रफीत गाजली होती. ती बनावट होती. ठरावीक नोंदणीकृत यंत्रणांखेरीज कुणालाही टॅगमधून पैसे घेता येत नाहीत, असे एनपीसीआयने तेव्हा सांगितले. म्हणजे भीती बाहेरच्या चोराची नाही, आतल्या बेफिकिरीची आहे.) चुकीच्या प्रत्येक कपातीसाठी नाका चालवणाऱ्याला लाख रुपये किंवा त्याहून अधिक दंड करायला प्राधिकरणाने सुरुवात केली आणि असे प्रकार घटले, ही चांगली बातमी. राष्ट्रीय महामार्गासाठी १०३३ हा क्रमांकही आहे. पण प्रवाशाने हेलपाटे घातले, बँकेला पत्रे लिहिली, गाडी त्या दिवशी कुठे होती याचे पुरावे गोळा केले, तर हाती काय येते? कापलेली रक्कम, तीही बँकेने तक्रार मान्य केली तर. आपण चुकलो तर दुप्पट भरतो. मग ते चुकले तर आपल्याला दुप्पट परत मिळायला हवे. यात अवघड असे काय आहे?

७. वार्षिक पास. १५ ऑगस्ट २०२५ ला तो खासगी कारसाठी सुरू झाला तेव्हा ३,००० रुपयांत एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल ते, असा होता. योजना चांगली. मात्र ती राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्गांपुरती. साताऱ्याला जाणाऱ्या करंजाडेकराचा पास खेड-शिवापूरला आणि आनेवाडीला चालतो, पण त्याआधी लागणाऱ्या खालापूरला चालत नाही. घराजवळच्या अटल सेतूवरही नाही. तिथे कारला एका बाजूचे २५० रुपये. रस्ता एक, गाडी एक, टॅग एक, आणि मालक दोन. राज्य सरकारने या पासात सामील व्हावे की नाही हा पैशांचा प्रश्न आहे, त्यावर वाद होऊ शकतो. परंतु कोणता नाका कोणाचा आणि तिथे कोणता पास चालतो हे नाक्याच्या आधीच फलकावर लिहिण्याला फक्त रंग लागतो.

८. गणपतीला कोकणात जाणाऱ्यांना राज्य सरकार टोलमाफी देते, पोलीस ठाण्यातून आणि आरटीओतून पास मिळतात, ते आपण काचेवर लावतो. अँटेनाला कागद वाचता येतो का? ती फक्त टॅग वाचते. मग पास काचेवर असतानाही कुणाचे पैसे कापले गेले तर ते कोणाकडे मागायचे? विजेवरच्या गाड्यांचेही तेच झाले. ऑगस्ट २०२५ पासून त्यांना अटल सेतू, द्रुतगती महामार्ग आणि समृद्धीवर माफी जाहीर झाली, तरी पैसे कापले जात राहिले, आणि डिसेंबरमध्ये विधानसभेत अध्यक्षांना त्याची दखल घेऊन निर्देश द्यावे लागले. सूट असलेल्या वाहनांची यादी या यंत्रणेत भरता येते. सोय अस्तित्वात आहे. पास देतानाच गाडीचा क्रमांक त्या यादीत चढवला तर प्रश्न मिटतो. वसुलीसाठी संगणक आणि माफीसाठी कागद, ही विभागणी अपघाताने झालेली नाही असे वाटू लागले तर दोष नागरिकांना देऊ नका.

९. गाडी विकताना टॅग बंद करा. एवढे साधे काम आपण करत नाही आणि नवा मालक आपल्या खात्यातून फिरत राहतो. काच बदलली तरी नवा टॅग घ्या, जुना रद्द करा. नोंदणी एजंटच्या नव्हे, आपल्याच मोबाईल क्रमांकावर आहे ना, हे आजच पाहा. हक्क मागणाऱ्याचे कागद स्वच्छ असले पाहिजेत.

१०. टोलशी भांडणे हे महाराष्ट्राला नवे नाही. कोल्हापूरकरांनी एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासारख्यांच्या नेतृत्वाखाली वर्षानुवर्षे लढून शहरातला टोल २०१५ मध्ये घालवला. आपल्याच पनवेल परिसरात खारघरच्या नाक्याने राजकारण ढवळून काढले. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही प्रवेशद्वारांवर कारना माफी मिळाली, तीही वर्षानुवर्षांच्या आंदोलनांनंतर. त्या सगळ्या लढ्यांत नाका डोळ्यांसमोर होता, पावती हातात होती, रक्कम तोंडपाठ होती. आज पैसे कापले जातात तेव्हा आपण पुढच्या बोगद्यात असतो. महिन्याला टोलवर किती गेले, असे शेजाऱ्याला विचारून पाहा. त्याला सांगता येणार नाही. पण यंत्रणेला प्रत्येक गाडीचा प्रत्येक रुपया ठाऊक आहे. मग प्रत्येक नाक्याची रोजची वसुली, आजवरची एकूण वसुली आणि वसूल व्हायची राहिलेली रक्कम संकेतस्थळावर रोज का झळकू नये? रोखीच्या काळात हिशेब जुळत नाही ही सबब होती. फास्टॅगने ती सबब संपवली आहे.

११. आणि हे आताच का, तर पुढची पायरी जवळ येते आहे. दांडा नसलेला टोल. कमानीवरचे कॅमेरे नंबरप्लेट वाचतील, अँटेना टॅग वाचेल, गाडी थांबणारच नाही. गुजरातमधला चोऱ्यासी नाका त्यासाठी निवडला गेला आणि अटल सेतूवर न थांबता टोल देण्याची सवय आपल्याला लागलीच आहे. टॅग वाचला गेला नाही तर नोटीस येईल. जानेवारी २०२६ मध्ये मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार टोल थकला असेल तर गाडी विकण्यासाठी लागणारे ना-हरकत प्रमाणपत्र अडेल, योग्यता प्रमाणपत्राचे नूतनीकरणही अडेल. आज निदान खिडकीत एक माणूस बसलेला असतो, त्याला नियम दाखवता येतो, त्याच्या वरिष्ठाला बोलावता येते. उद्या तोही नसेल. करंजाडेतल्या सोसायट्यांनी आपापल्या महासंघांमार्फत टॅग देणाऱ्या बँकांना इथेच शिबिर घ्यायला लावावे, चुकीच्या कपातींच्या तक्रारी सुट्या न पाठवता एकत्र पाठवाव्यात आणि एमएसआरडीसी, महामार्ग प्राधिकरण व परिवहन विभाग यांच्याकडे एकच मागणी धरावी: नोटिशीला उत्तर द्यायची मुदत, ते ऐकून घेणारा अधिकारी आणि त्याचे पनवेलमधले कार्यालय, या तिन्ही गोष्टी दांडा निघण्याच्या आधी जाहीर झाल्या पाहिजेत.